पाच बाटल्यांचं गणित

१९२३ साली जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात गेऑर्ग गांटर नावाच्या डॉक्टरने ससे आणि गिनीपिग यांच्या मूत्रवाहिन्या बांधून टाकल्या. लघवी बंद झाली आणि रक्तात युरिया साचू लागला. मग त्याने सुईने त्यांच्या पोटात मिठाचं पाणी सोडलं, काही वेळ तसंच राहू दिलं आणि बाहेर काढून तपासलं. पाण्यात युरिया उतरला होता. जनावरं थोडी सुधारली. पुढे त्याने हाच उपाय एका स्त्रीवर केला. गर्भाशयाच्या कॅन्सरमुळे तिच्या मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्या होत्या. दीड लिटर मिठाचं पाणी पोटात गेलं, तिला बरं वाटलं, ती घरी गेली आणि मग दगावली. एकदा धुऊन भागत नाही, धुणं चालूच ठेवावं लागतं, हा धडा या पहिल्याच रुग्णाने दिला.

गांटरच्या निबंधाचं मला नेहमी नवल वाटतं. पोटात शिरायला चांगली वाट हवी, द्रव पूर्ण निर्जंतुक हवा, शरीरातलं जास्तीचं पाणी ओढायला द्रवात साखर हवी, द्रव पोटात किती वेळ ठेवायचा याचा हिशेब हवा, हे सगळं त्याला तेव्हाच दिसलं होतं. मग पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे पोटातल्या पडद्यातून रक्त शुद्ध करण्याचा उपचार, रुग्णाच्या घरापर्यंत पोचायला आणखी पंचावन्न वर्षं का लागली? तत्त्व तर सापडलं होतं. या पंचावन्न वर्षांची बहुतेक लढाई झाली ती एका नळीसाठी, आणि त्याहून जास्त त्या नळीच्या जोडासाठी. विज्ञानाच्या इतिहासात अशा जोडांना फारशी जागा मिळत नाही. इथे मात्र माणसं जगणार की मरणार ते त्या जोडावर ठरत होतं.

आधी तो पडदा. आपलं आतडं, यकृत आणि पोटाची आतली भिंत एका पातळ, ओलसर, चकचकीत आवरणाने मढवलेली असते. यालाच पेरिटोनियम किंवा उदरावरण म्हणतात. त्याच्या घड्या उलगडून पसरल्या तर क्षेत्रफळ जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढं भरेल. त्यात केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. पोटात स्वच्छ द्रव भरला की रक्तातला युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम या वाहिन्यांच्या भिंतींतून झिरपत द्रवात येतात आणि दोन्हीकडचं प्रमाण सारखं होईपर्यंत येत राहतात. द्रवात ग्लुकोज मिसळलं असेल तर त्या ओढीने रक्तातलं पाणीही येतं. साखरेच्या दाट द्रवाने पोटातलं पाणी वाढतं, हे जर्मनीत वेग्नरने १८७७ मध्येच जनावरांवर दाखवलं होतं. म्हणजे मूत्रपिंडं बंद पडली तरी रक्त गाळू शकेल असा पडदा प्रत्येकाच्या पोटात आधीपासूनच असतो. अडचण एवढीच की तो पोटाच्या आत आहे आणि पोटाचं आतलं जग जंतूंपासून पूर्ण बंद आहे. ते उघडायचं आणि तरी बंद ठेवायचं, असं हे अवघड काम.

दुसऱ्या महायुद्धाने या कामाला घाई लावली. इमारतीखाली चिरडलेले, खूप रक्त गेलेले सैनिक आणि नागरिक शॉकमधून वाचत आणि आठवडाभराने लघवी बंद होऊन मरत. अशी मूत्रपिंडं कायमची गेलेली नसतात. माणूस दोन-तीन आठवडे तगला तर ती पुन्हा चालू लागतात. प्रश्न मधल्या दिवसांचा होता. बॉस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये जेकब फाइन, हॉवर्ड फ्रँक आणि अर्नोल्ड सेलिगमन या तिघांनी मूत्रपिंडं काढलेल्या कुत्र्यांवर काम केलं आणि मग माणसांकडे वळले. पोटात दोन नळ्या घातल्या. एकीतून द्रव सतत आत जाई, दुसरीतून सतत बाहेर येई. सल्फाथायाझोल या औषधामुळे लघवी बंद झालेला त्यांचा एक रुग्ण या धुलाईवर तगला, त्याची मूत्रपिंडं परत सुरू झाली आणि तो वाचला. १९४६ मध्ये त्यांचा अहवाल अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. त्याच सुमाराला नेदरलंड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फने आपल्या फिरत्या पिंपाच्या यंत्राने रक्त बाहेर काढून शुद्ध करत एका स्त्रीला १९४५ मध्ये वाचवलं होतं. रक्ताचं आणि पोटातलं, दोन्ही डायलिसिस अशी एकाच वेळी उभी राहिली.

बॉस्टनच्या पद्धतीत हाल फार होते. नळीच्या शेजारून द्रव गळे. नळी आतड्यावर टेकून बसे किंवा आतल्या चरबीच्या पदराने तिची भोकं बुजत. फुप्फुसात पाणी भरे. आणि जंतू शिरत. मेयो क्लिनिकच्या ओडेल आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये तोवर जगभर छापल्या गेलेल्या १०१ रुग्णांचा आढावा घेतला. मेलेल्यांपैकी काहीजण रक्तातल्या विषानेच गेले होते, काही फुप्फुसातल्या पाण्याने, काही पोटातल्या संसर्गाने. या शेवटच्या कारणाचं नाव पेरिटोनायटिस. ते या लेखात पुन्हा पुन्हा येईल, कारण या उपचाराच्या इतिहासाला त्याने कधीच सोडलं नाही.

डॅलसच्या आर्थर ग्रोलमनने १९५१ मध्ये एक सोपी गोष्ट करून दाखवली. द्रव सतत वाहता ठेवायची गरजच नाही. एकाच नळीने भरा, अर्धा तास थांबा, त्याच नळीने काढा. मूत्रपिंडं काढलेली कुत्री त्याने या पद्धतीने कित्येक आठवडे जगवली. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मॉर्टन मॅक्सवेलने याच तत्त्वावर दवाखान्यात रोज वापरता येईल अशी पद्धत बसवली. टोकाजवळ बारीक भोकं असलेली एकच नायलॉनची नळी, कारखान्यातून तयार येणाऱ्या द्रवाच्या दोन बाटल्या आणि त्यांना जोडणारी दुहेरी नळी. बाटल्या स्टँडवर टांगल्या की दोन लिटर द्रव पोटात उतरे. थोड्या वेळाने त्याच रिकाम्या बाटल्या जमिनीवर ठेवल्या की द्रव परत बाटलीत येई. यंत्र नाही, पंप नाही, शस्त्रक्रिया नाही. एखादी हुशार परिचारिका हे सगळं सांभाळू शकत होती.

आपल्याकडे डायलिसिस आलं तेव्हा ते बऱ्याच ठिकाणी याच रूपात आलं. गॅस्ट्रोने आटलेले, सर्पदंशाने किंवा बाळंतपणातल्या जंतुसंसर्गाने लघवी थांबलेले रुग्ण आणि यंत्र शेकडो किलोमीटरवर. अशा वेळी बेंबीखाली भूल देऊन, कडक नळी पोटात सरकवून, खाटेशेजारी बाटल्या टांगून डॉक्टरांनी रात्री काढल्या. भारतातल्या कित्येक रुग्णालयांत ही पद्धत पुढे अनेक वर्षं चालू राहिली. ज्यांच्या शिरा यंत्राला पुरत नाहीत अशा तान्ह्या बाळांसाठी पोटातलं डायलिसिस आजही पहिला उपाय असतो. या कामाचा कुणी गाजावाजा केला नाही. तो व्हायला हवा होता.

पण हे झालं तात्पुरत्या बिघाडाचं. ज्यांची मूत्रपिंडं कायमची गेली, त्यांचं काय?

१९६० च्या आरंभी सॅन फ्रान्सिस्को परिसरात पॉल डूलन यांनी घडवलेली नळी वापरून रिचर्ड रुबेन यांनी एका स्त्रीला काही महिने जगवलं. मधल्या दिवसांत ती घरी राहत असे. कायमच्या आजारावर हा उपचार चालू शकतो याची ती पहिली खूण. त्याच वर्षी सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातली धमनी आणि शीर टेफ्लॉनच्या नळीने जोडून रक्ताचं डायलिसिस पुन्हा पुन्हा करण्याची सोय केली आणि तिथे कायमच्या रुग्णांचं पहिलं केंद्र उभं राहिलं. जागा मोजक्या होत्या. कुणाला घ्यायचं ते ठरवायला नागरिकांची समिती बसत असे. ज्यांना जागा मिळे ते जगत.

स्क्रिब्नर यांना दुसरी वाटही हवी होती. त्यांनी ॲमस्टरडॅमहून फ्रेड बून यांना बोलावलं. इंडोनेशियात जन्मलेल्या बून यांनी नेदरलंड्समध्ये पोटातल्या डायलिसिसवर प्रबंध लिहिला होता. कोणता पदार्थ किती वेगाने पडदा ओलांडतो, किती द्रव किती वेळ ठेवला तर किती युरिया निघतो, याची मोजमापं त्यात होती. १९६२ मध्ये सिॲटलला आल्यावर त्यांनी पोटात कायमचं दार बसवण्याचे प्रयत्न केले. ती दारं जंतूंनी आणि आतल्या चिकटण्याने बंद पडत गेली. तेव्हा बून यांनी उलट विचार केला. दारच ठेवायचं नाही. प्रत्येक वेळी नवी नळी घालायची, काम झालं की काढायची. द्रव मोठ्या बंद बाटल्यांत निर्जंतुक करून आपोआप आत-बाहेर सोडणारं यंत्रही त्यांनी बनवलं. मधे कुठेही जोड उघडावा लागत नसल्याने संसर्ग एकदम कमी झाला.

बून यांच्यानंतर हे काम हेन्री टेंकहॉफ या जर्मनीतून आलेल्या डॉक्टरकडे आलं. त्यांची एक रुग्ण गृहिणी होती, मुलाबाळांची आई. यंत्र तिच्या घरी बसवलं, पण नळी घालणार कोण? ते डॉक्टरचंच काम. म्हणून टेंकहॉफ दिवसभराचं काम संपवून तिच्या घरी जात, तिच्या पोटात नळी घालत आणि रात्रभराचं डायलिसिस सुरू करून देत. आठवड्यातून तीनदा. तीन वर्षांत साडेतीनशेहून जास्त वेळा. डॉक्टरने एका घराचा उंबरा इतक्यांदा ओलांडल्याची दुसरी उदाहरणं फार नसतील. आणि हे सगळ्या रुग्णांसाठी करता येणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

व्हँकूव्हरचे रसेल पामर आणि सिॲटलचे तंत्रज्ञ वेन क्विंटन यांनी मऊ सिलिकॉन रबराची नळी बनवली होती. मऊ असल्याने ती आतड्याला टोचत नसे आणि शरीर तिच्यावर फार चिडत नसे. टेंकहॉफ यांनी तिला डॅक्रॉनच्या जाड कापडाच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. एक पट्टी पडद्याजवळ स्नायूत बसते, दुसरी कातडीखाली. काही दिवसांत शरीराच्या पेशी त्या कापडाच्या विणीत वाढतात आणि नळीभोवतीची पोकळी बुजते. नळी बाहेर येते पण तिच्या कडेने जंतूंना आत चालत जायला वाट उरत नाही. १९६८ मध्ये टेंकहॉफ आणि त्यांचे सहकारी शेख्टर यांनी हे छापलं. अर्धशतक उलटलं, नळीची टोकं वाकडी झाली, गुंडाळलेली आली, बसवण्याच्या पद्धती बदलल्या; पण रुग्णांच्या पोटात आजही मुळात टेंकहॉफचीच नळी असते. नळीचा प्रश्न सुटला तो इथे.

तरीही या उपचाराला दुय्यम मानलं जात होतं आणि त्यात तथ्य होतं. आठवड्यातून तीन-चार रात्री, प्रत्येक वेळी दहा-बारा तास, शेजारी अवजड यंत्र. मूळ मूत्रपिंडांत थोडी धुगधुगी असेल तोवर हे पुरत असे. ती विझली की रुग्ण खंगू लागत, भूक जाई, मज्जातंतू बिघडत. दुसरीकडे १९६६ पासून हातातली धमनी आणि शीर थेट जोडण्याची फिस्टुलाची शस्त्रक्रिया आली होती. १९७२ मध्ये अमेरिकेने डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात घेणारा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाल्यावर यंत्रांची केंद्रं झपाट्याने उभी राहिली. पोटातलं डायलिसिस बाजूला पडलं. टोरोंटोसारख्या मोजक्या ठिकाणी ते निष्ठेने चालू होतं.

१९७५ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरातला एक तरुण अशाच पेचात सापडला. त्याच्या हातातली रक्तवाट पुन्हा पुन्हा बंद पडत होती. रक्ताचं डायलिसिस शक्यच नव्हतं. पोटातलं करायचं तर डॅलसला जाऊन राहावं लागणार होतं, सुमारे तीनशे किलोमीटर दूर. त्याने नकार दिला. त्याचे डॉक्टर जॅक मॉन्क्रीफ यांनी तो नकार तिथेच सोडून दिला नाही. ते टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट पोपोविच यांच्याबरोबर बसले. पोपोविच डॉक्टर नव्हते. ते अभियंते होते आणि कृत्रिम मूत्रपिंडातून पदार्थ कसे वाहतात याचं गणित हा त्यांचा विषय होता.

ते गणित इतकं साधं आहे की वाचकाने कागदावर मांडून पाहावं. माफक प्रथिनं खाणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण सात-आठ ग्रॅम युरिया-नायट्रोजन तयार होतं. रक्तात त्याचं प्रमाण शंभर मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमपर्यंत राहिलं तर माणूस बऱ्यापैकी राहतो. म्हणजे लिटरला ०.८ ग्रॅम. पोटात दोन लिटर द्रव चार-पाच तास राहिला तर त्यातलं युरियाचं प्रमाण रक्ताइतकंच होतं. मग असा दहा लिटर द्रव दिवसाला बाहेर काढला तर ८ ग्रॅम निघून जातील. जेवढं तयार होतं तेवढं. दोन लिटरच्या पाच बाटल्या, दिवसरात्र, रोज. यंत्र नको, रात्रभर खिळून पडणं नको. पोट भरलेलं ठेवून माणूस कामाला जाऊ शकतो.

आजवर सगळ्यांनी वेग वाढवून फायदा शोधला होता. दर अर्ध्या तासाने द्रव बदलायचा आणि तो पुरता भरण्याआधीच फेकून द्यायचा. पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी वेग सोडला आणि वेळ धरला. आठवड्याचे १६८ तास त्यांच्या हाताशी होते. शिवाय मोठे, सावकाश झिरपणारे विषारी रेणू जास्त वेळ मिळाल्याने जास्त निघतात, हा फायदा वेगळाच. अभियंत्याच्या एका कागदावरच्या हिशेबाने वैद्यकातल्या पन्नास वर्षांच्या सवयीला मुळापासून बदललं असं मला वाटतं, आणि हे वाटणं अतिशयोक्ती नाही.

त्या तरुणावर हा प्रयोग झाला आणि रक्ततपासण्या गणिताप्रमाणेच आल्या. १९७६ मध्ये कृत्रिम अवयवांवरच्या अमेरिकी परिषदेकडे त्यांनी निबंधाचा सारांश पाठवला. तिथे तो वाचायला परवानगी मिळाली नाही. पुढे मिसुरी विद्यापीठाचे कार्ल नोल्फ त्यांच्याबरोबर आले, आणि १९७८ मध्ये नऊ रुग्णांचा अनुभव त्यांनी एकत्र छापला. उपचाराला तेव्हा मिळालेलं नाव म्हणजे कंटिन्युअस ॲम्ब्युलेटरी पेरिटोनियल डायलिसिस, आज रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडी असलेलं सीएपीडी.

त्या लेखात एक आकडा फार बोचरा होता. प्रत्येक रुग्णाला सरासरी दर दहा आठवड्यांनी एकदा पेरिटोनायटिस होत होता. कारण उघड होतं. काचेची बाटली जोडा, सोडा, झाकण लावा, निचऱ्यासाठी पुन्हा जोडा. दिवसातून पाच वेळा. एवढ्या वेळा बोटं त्या टोकाजवळ जात आणि कातडीवर नेहमीच राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू एका चुकीची वाट पाहत असत. पोटातून येणारा द्रव गढूळ दिसला की समजायचं. आज रुग्णांना शिकवतात ते असं, की द्रवाच्या पिशवीमागे छापलेला कागद धरा. अक्षरं वाचता आली नाहीत तर लगेच फोन करा. पाठोपाठ पोट दुखू लागतं, ताप येतो, थंडी वाजते. प्रतिजैविकं थेट द्रवात मिसळून पोटात सोडतात आणि बहुतेकदा संसर्ग जातो. बुरशीचा असेल तर नळीच काढावी लागते. आणि प्रत्येक संसर्ग पडद्यावर थोडा व्रण ठेवून जातो. दर अडीच महिन्यांनी हे सोसायचं असेल तर कितीही सुंदर गणित असो, उपचार टिकणार नव्हता.

उत्तर टोरोंटोहून आलं. टोरोंटो वेस्टर्न हॉस्पिटलचे दिमित्रिओस ओरिओपुलोस मूळचे ग्रीक. कॅनडात द्रव काचेऐवजी मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मिळत असे, अमेरिकेत तेव्हा मिळत नव्हता. ओरिओपुलोस यांना १९७७ मध्ये सुचलं ते असं. पिशवी जोडा, द्रव पोटात उतरू द्या आणि रिकामी पिशवी काढूच नका. घडी करून कमरेला कपड्यांखाली बांधा. काही तासांनी तीच उलगडून जमिनीवर ठेवा, पोटातला द्रव तिच्यातच परत येईल. मग ती काढून नवी लावा. म्हणजे एका बदलीला जोड एकदाच उघडायचा. काचेची बाटली कुणी कमरेला बांधू शकत नव्हतं. पिशवी बांधता येत होती. एवढ्याशा फरकाने पेरिटोनायटिस आठवड्यांवरून महिन्यांवर गेला, आठ-दहा महिन्यांतून एकदा. १९७८ मध्ये अमेरिकेनेही पिशव्यांना परवानगी दिली. नळीच्या टोकाला न तडकणारा टायटॅनियमचा जोड आला. बघता बघता हजारो माणसं घरी, कचेरीत, प्रवासात हा उपचार स्वतःच करू लागली.

ओरिओपुलोस यांना इथे मोठं श्रेय द्यायला हवं, आणि फक्त पिशवीसाठी नाही. परिचारिकांनी रुग्णाला शिकवायचं आणि रुग्णाने घरी स्वतः करायचं, ही या उपचाराची रीत रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता. हात कसे धुवायचे, मास्क कधी लावायचा, खिडकी-पंखा का बंद करायचा, वजन आणि निघालेला द्रव वहीत कसा मांडायचा. औषधांच्या शोधांबद्दल आपण खूप वाचतो. या शिकवण्यानेही तितकीच माणसं जगवली.

जोडावरचा शेवटचा मोठा उपाय इटलीतल्या पेरुजियात निघाला. उंबेर्तो बुओनक्रिस्तियानी यांनी १९८० च्या सुमाराला तीन फाट्यांची नळी वापरली. एक फाटा पोटाकडे, एक नव्या पिशवीकडे, एक निचऱ्याच्या पिशवीकडे. जोडल्यावर लगेच नवा द्रव पोटात सोडायचा नाही. आधी पोटातलं पाणी बाहेर वाहू द्यायचं, थोडा नवा द्रवही निचऱ्याकडे सोडायचा आणि मगच पोट भरायचं. जोडताना जंतू शिरले असले तरी ते पोटात जाण्याऐवजी निचऱ्यात वाहून जातात. इतकी वर्षं सगळे जंतू आत येऊच नयेत म्हणून झटत होते. बुओनक्रिस्तियानी यांनी ते येणार हे मान्य करून त्यांची दिशा बदलली. काम झालं की पिशव्या काढून टाकायच्या, कमरेला काही बांधायची गरज नाही. ब्रेशिया शहरात याची जुन्या पद्धतीशी तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष १९८३ मध्ये छापले गेले. जुन्या पद्धतीत सुमारे ११ महिन्यांतून एकदा होणारा पेरिटोनायटिस नव्या पद्धतीत ३३ महिन्यांतून एकदा झाला. अमेरिकेला हे पटायला आणखी काही वर्षं गेली. आजच्या जुळ्या पिशव्या याच विचाराची पुढची पायरी आहेत.

जंतू आटोक्यात आल्यावर पडद्याचं स्वतःचं दुखणं दिसू लागलं. तोवर माणसं तेवढी जगतच नव्हती. द्रवातलं ग्लुकोज रक्तात शोषलं जातं, वजन आणि साखर वाढते. दिवसाला पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं द्रवाबरोबर निघून जातात, म्हणून डाळ, अंडी, मासे यांची आठवण रुग्णाला पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पोटातल्या दाबाने हर्निया उतरतो. वर्षानुवर्षं साखरेत भिजून पडदा जाडसर होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या ग्लुकोज भराभर शोषून घेतात आणि मग पाणी ओढलंच जात नाही. पाय सुजतात, धाप लागते. नव्वदच्या दशकात ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन हा मोठ्या रेणूंचा पदार्थ आला, तो लांबच्या रात्रीच्या फेरीत पाणी ओढत राहतो.

सगळ्यांत भयंकर गुंतागुंत क्वचित होते. पडदा घट्ट, चामड्यासारखा होतो आणि आतड्यांना कोशात गुंडाळावं तसं आवळतो. अन्न पुढे सरकत नाही, माणूस वाळत जातो. १९८० पासून याचे अहवाल येऊ लागले. फ्रान्समध्ये स्लिंगनेअर यांनी १९८३ मध्ये असे बरेच रुग्ण मांडले. काही ठिकाणी द्रवातल्या ॲसिटेटवर आणि जोडाला लावायच्या जंतुनाशकावर संशय आला, ते बंद झाले. म्हणजे जोड वाचवण्यासाठी वापरलेलं औषधच पडद्याला बाधत होतं, असा हा दुःखद फेरा. जपानमध्ये या आजाराचा सखोल अभ्यास झाला आणि तिथले डॉक्टर रुग्णाला या उपचारावर किती वर्षं ठेवायचं याबद्दल फार सावध झाले. स्टिरॉइड, टॅमॉक्सिफेन आणि आतडी सोडवण्याची नाजूक शस्त्रक्रिया एवढंच आज हाताशी आहे. घरच्या उपचाराची स्तुती करणाऱ्याने ही बाजू लपवू नये.

तरी ज्यांनी विचार करून हा मार्ग निवडला त्यांना तो फळला. हाँगकाँगने १९८५ पासून कायमच्या मूत्रपिंड-विकारात पोटातलं डायलिसिस आधी, हे धोरण धरलं. भारतात सीएपीडी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलं, पण पिशव्यांच्या किमतीने ते बहुतेकांच्या घराबाहेरच थांबलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसची योजना आणली ती रक्ताच्या डायलिसिसची. मेळघाटातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या गावातून आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, सोबत घरातल्या एका माणसाची मजुरी बुडवायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ऑस्टिनच्या त्या तरुणाचा नकार लगेच कळेल. २०१९ मध्ये केंद्राने याच योजनेत पोटातल्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या कागदावरून घराघरात पोचायच्या तर दर महिन्याला शंभराहून जास्त पिशव्या वेळेवर पोचवणारी व्यवस्था हवी, पावसाळ्यातही. आणि प्रत्येक जिल्ह्यात हात धुण्यापासून गढूळ पाणी ओळखण्यापर्यंत सगळं धीराने शिकवणारी, रात्री फोन उचलणारी एक तरी परिचारिका हवी. तिच्या पगाराची तरतूद पिशव्यांच्या खर्चाइतकीच आधी व्हायला हवी.